शेवट कुणाला सांगायचा आणि किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिली कादंबरी प्रकाशकाकडे गेली आहे, काही महिन्यांत पुस्तक येईल. तीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या थोरल्या भावाचा धाकटी बहीण शोध घेते, ही गोष्ट. शेवटी भाऊ केव्हाच वारला होता हे कळतं आणि घरातल्या एका माणसाला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, हेही कळतं. प्रकाशक म्हणतात, मुलाखतींत शेवटाबद्दल थोडं सूचक बोला, उत्सुकता वाढेल. एक ज्येष्ठ लेखक म्हणतात, अवाक्षर काढू नका. एक मित्र म्हणतो, चांगल्या कादंबरीचं शेवट फुटल्याने काही बिघडत नाही, खुशाल सांगा. तर ऐकायचं कुणाचं?

(कथेचे तपशील मी बदलून लिहिले आहेत. नाहीतर उत्तर देण्याच्या नादात मीच तुमचा शेवट फोडला, असं व्हायचं.)

कादंबऱ्यांचं संपादन हे माझं काम आहे आणि हा वाद दर दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी होतो. बहुतेक वेळा तो फुकट जातो. कारण वाद घालणारे सगळे ‘शेवट’ ही एकच, अखंड वस्तू असल्यासारखं बोलतात आणि ‘सांगणं’ म्हणजे चारचौघांत सांगणं असं धरून चालतात. दोन्ही गृहीतकं सोडली की निम्मा गुंता सुटतो. माझं मत आधीच सांगून टाकते. पुस्तकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला शेवट पूर्ण सांगायचा. छपाईआधी हस्तलिखित वाचून मत देणाऱ्या वाचकाला मुळीच सांगायचा नाही. आणि बाहेरच्या जगाला, पुस्तक स्वतःहून लवकर जेवढं सांगतं, तेवढंच सांगायचं. तिसरा भाग अवघड आहे, त्यावर सविस्तर बोलू. पहिले दोन आधी उरकते.

नवे लेखक सगळ्यात जास्त चुकतात ते प्रकाशकाला पाठवायच्या सारांशात. तीन पानांचा सारांश असतो आणि शेवटच्या ओळीत ‘आणि मग जे घडतं ते जाणून घेण्यासाठी कादंबरी वाचा’ असं लिहिलेलं असतं. हे वाचून संपादकाची उत्सुकता वाढत नाही. त्याला वाटतं, लेखकाला शेवट अजून सापडलेला नाही, किंवा आपण आपल्याच माणसाशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. सारांश ही जाहिरात नव्हे. कोण मेलं, कोण खोटं बोललं, कोण परत आलं, सगळं त्यात उघड लिहायचं. शेवट पेलला आहे की नाही, हे ठरवण्यासाठीच तर तो मागतात.

हेच मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराला लागू आहे. त्याला अर्धवट माहिती दिली, तर तो नकळत नेमकी तीच वस्तू मुखपृष्ठावर आणतो जी शेवटी सापडायची असते. ऑडिओबुक वाचणाऱ्या कलाकाराला माहीत नसेल, तर खोटं बोलणारं पात्र तो पहिल्या प्रकरणापासून खऱ्या सुरात वाचेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे संशयास्पद सुरात. अनुवादकाला तर शेवट हवाच हवा. इंग्रजीतला ‘मी’ पुरुष की स्त्री हे चारशे पानं लपवता येतं. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे पहिल्याच क्रियापदाला ठरवावं लागतं. लपवायचंच असेल तर वाक्यरचनेची कसरत पहिल्या पानापासून करावी लागते आणि कशासाठी लपवायचं हे ठाऊक असल्याशिवाय ती जमत नाही.

या सगळ्यांना सांगा, लेखी विनंती करा की हे बाहेर जाऊ नये, आणि निर्धास्त व्हा. या मंडळींकडून शेवट फुटल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. शेवट बहुतेकदा फुटतो तो लेखकाकडून.

जाता जाता एक: प्रकाशनाआधी शेवट दाखवल्याचा फायदा किती मोठा असू शकतो, याचं माझं आवडतं उदाहरण चार्ल्स डिकन्सचं आहे. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः येत होती. शेवटचा भाग छापून येण्याआधी त्याने तो कादंबरीकार मित्र बुलवर-लिटनला दाखवला. मूळ शेवटात नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम असतं ती एस्टेला यांची ओझरती भेट होते आणि ते आपापल्या वाटेने जातात. मित्राला तो रुचला नाही. डिकन्सने शेवट बदलला, आणि आज आपण वाचतो तो हा बदललेला, थोडा आशेचा, थोडा संदिग्ध शेवट. मूळ मजकूर डिकन्सच्या मृत्यूनंतर त्याचा चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने छापला. कोणता बरा, यावर लोक अजून भांडतात. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. पण दाखवलाच नसता, तर निवडायला दोन शेवट तरी कुठून आले असते?

आता दुसरा गट, आधी वाचून देणारे मित्र-मैत्रिणी. इथे नियम बरोबर उलटा. कोरा वाचक प्रत्येक माणसातून एकदाच मिळतो. हस्तलिखित हातात देताना ‘शेवटी कळतं की काकांना माहीत होतं, ते नीट उतरलंय का बघ’ असं म्हणालात, की तो वाचक कायमचा गेला. तो आता वाचणार नाही, पडताळणी करणार. काकांच्या प्रत्येक वाक्यात त्याला सूचना दिसतील आणि तो तुम्हाला सांगेल की सगळं छान पेरलंय. सामान्य वाचकाला त्यातलं एकही दिसणार नाही, हे तुम्हाला कळणारच नाही.

माझी पद्धत अशी: शेवटची पंचवीस टक्के पानं काढून ठेवायची, बाकीचं वाचायला द्यायचं आणि मग विचारायचं, ‘आता काय होईल असं वाटतं? कुणावर विश्वास बसत नाही? कोणता प्रश्न राहिलाय असं वाटतं?’ उत्तरं लिहून घ्यायची, मग उरलेली पानं द्यायची. सगळ्यांनी अचूक ओळखलं तर शेवट उघडा पडला आहे. कुणीच जवळपासही आलं नाही तर तो आकाशातून पडला आहे. आणि तिसरी शक्यता, जी लेखकांना सर्वांत झोंबते: तुम्ही जो प्रश्न शेवटी सोडवता तो वाचकाला पडलेलाच नसतो, त्याला वेगळंच काही जाणून घ्यायचं असतं. ही गोष्ट शेवट आधी सांगितला तर कधीच कळत नाही. म्हणून या वाचकांची संख्या जपून वापरा. सगळे एकदम खर्च करू नका. दोघांना पहिल्या खर्ड्यासाठी, दोघांना दुरुस्तीनंतरच्या खर्ड्यासाठी राखून ठेवा.

आता मुख्य प्रश्न. बाहेरच्या जगाला काय सांगायचं?

तुमच्या मित्राचं म्हणणं, की चांगल्या कादंबरीचं काही बिघडत नाही, ते उडवून लावण्यासारखं नाही. त्याच्या बाजूने फार मोठी परंपरा उभी आहे. महाभारताच्या आदिपर्वात, युद्ध तर सोडाच, पांडवांचा जन्मही अजून सांगून झालेला नसताना, युद्धानंतरचा आंधळा धृतराष्ट्र संजयापुढे सगळा हिशेब मांडतो: मी हे ऐकलं, ते ऐकलं, ‘तदा नाशंसे विजयाय संजय’, तेव्हाच विजयाची आशा सोडली. द्रौपदीच्या स्वयंवरापासून अश्वत्थाम्याच्या अस्त्रापर्यंत सगळं त्या श्लोकांत येऊन जातं. रामायणात तर पहिल्याच सर्गात नारद वाल्मीकींना अख्खी रामकथा सांगून मोकळे होतात. ऐकणाऱ्याला शेवट माहीत आहे, हे गृहीत धरूनच पुढची हजारो पानं आहेत.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचंही तेच. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. कुणी म्हटलं नाही की शेवट फुटला. उलट तो मृत्यू येणार हे माहीत असल्यामुळे आधीच्या प्रसंगांना एक ओझं येतं. गार्सिया मार्केझने १९८१ च्या कादंबरिकेत पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की या माणसाला आज मारणार आहेत. नावही तसंच दिलं, ‘आधीच जाहीर झालेल्या मरणाची हकीकत’ अशा अर्थाचं. आणि सगळ्यांत मिश्कील अँथनी ट्रोलोप. ‘बार्चेस्टर टॉवर्स’ (१८५७) मध्ये कथा रंगात आली असताना तो मध्येच थांबून वाचकाला सांगतो की काळजी करू नका, नायिका एलिनॉर तिच्यामागे लागलेल्या दोन नकोशा माणसांपैकी कुणाशीच लग्न करणार नाही. वर बजावतो की लेखक आणि वाचक यांच्यात लपवाछपवी असू नये. मला हा माणूस फार आवडतो. पण हे वाचल्यावर मी नेहमी एक गोष्ट दाखवते: ती कुणाशी लग्न करणार नाही, एवढंच त्याने सांगितलंय. कुणाशी करणार, ते नाही.

या सगळ्या उदाहरणांत एक सामाईक गोष्ट आहे. शेवट तिथे पुस्तकानेच सांगितला आहे, किंवा इतिहासाने सांगितलेला पुस्तकाने स्वीकारला आहे. पुढची वाक्यं ते ज्ञान गृहीत धरून लिहिली गेली आहेत. ‘काय होणार’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कसं झालं’ आणि ‘कुणी थांबवलं का नाही’ हे प्रश्न त्या जागी आणले आहेत. ज्या कादंबरीने तसं केलेलं नाही तिचा शेवट मुलाखतीत सांगणं म्हणजे पुस्तकाची बांधणी बाहेरून बदलणं. वाचक मग एक अशी कादंबरी वाचतो जी तुम्ही लिहिलेलीच नाही: पहिल्या प्रकरणात शेवट ठाऊक असलेली, पण त्याचा कसलाच उपयोग न करणारी. म्हणून ‘महाभारताचं काही बिघडलं का?’ हा युक्तिवाद तुमच्या कादंबरीला आपोआप लागू होत नाही.

मग येतो तो अभ्यास, जो प्रत्येक वादात कुणीतरी काढतंच. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी बारा लघुकथा लोकांना वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. कलाटणीच्या कथा, रहस्यकथा आणि साहित्यिक वळणाच्या कथा, तिन्ही प्रकारांत शेवट माहीत असलेल्यांनी सरासरीने किंचित जास्त गुण दिले. बातम्या झळकल्या की शेवट कळल्याने मजा वाढते. पण २०१५ च्या आणखी एका अभ्यासात कल उलटा आला, न फुटलेल्या कथा लोकांना जास्त रंजक आणि हेलावणाऱ्या वाटल्या. दोन्हीकडे साहित्य होतं लघुकथांचं. वीस मिनिटांत संपणाऱ्या कथेत शेवट माहीत असणं आणि तीन आठवडे रोज रात्री थोडी थोडी वाचलेल्या कादंबरीत माहीत असणं, यांत फरक आहे. कादंबरी वाचताना वाचक पुस्तक मिटून ठेवतो, तेव्हाही ती त्याच्या डोक्यात चालू असते. तो अंदाज बांधतो, मोडतो. हा मधला वेळ शेवट सांगून तुम्ही त्याच्याकडून काढून घेता. हे मोजणारा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, म्हणून मी या आकड्यांवर कुठलाच निर्णय घेत नाही.

खरं शिकण्यासारखं उदाहरण अगाथा ख्रिस्तीचं आहे. तिने ‘कर्टन’ ही हर्क्युल पॉयरो या तिच्या गाजलेल्या गुप्तहेराची अखेरची कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवली होती. ती आली १९७५ च्या सप्टेंबरात. त्याआधीच, ६ ऑगस्ट १९७५ रोजी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर पॉयरोची मृत्युवार्ता छापली, खऱ्या माणसाची छापतात तशी. म्हणजे पुस्तक दुकानात येण्याआधी जगाला शेवट कळला होता: पॉयरो मरतो. आणि पुस्तकाचं काहीही वाकडं झालं नाही, उलट ते हातोहात गेलं. का? कारण सांगितली गेली ती घटना. खुनी कोण, खून कसे होतात आणि पॉयरो शेवटी काय करतो, हे शेवटचं ज्ञान कुणी फोडलं नव्हतं. (मीही फोडणार नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी माझे आभार नंतर मानावेत.)

म्हणून मी लेखकांना शेवटाचे दोन तुकडे करायला सांगते. एक, काय घडतं: कोण जातं, कोण उरतं, लग्न होतं की मोडतं. दोन, काय कळतं: आधीचं सगळं वेगळ्या प्रकाशात दाखवणारी गोष्ट. घडणारी गोष्ट सांगितली तर वाचक तिची वाट पाहतो, आणि वाट पाहणं हेही वाचनाचं एक सुख आहे. कळणारी गोष्ट सांगितली तर वाट पाहायला काही उरतच नाही, कारण ती कळण्याचा क्षण हाच तिचा सगळा ऐवज असतो. काही कादंबऱ्यांत दोन्ही एकच असतात, तेव्हा तोंड बंद ठेवावं. पण बहुतेक कादंबऱ्यांत ती वेगळी करता येतात आणि एकदा वेगळी केली की मुलाखतीत बोलायला भरपूर मोकळी जागा मिळते.

‘सूचक बोला’ या सल्ल्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘शेवट असा आहे की तुम्ही हादराल’, ‘शेवटच्या पानावर सगळं उलटतं’, अशी वाक्यं लेखकाने बोलू नयेत आणि मलपृष्ठावर छापू नयेत. त्यातून काहीच फुटत नाही असं वाटतं, पण फुटतं. कलाटणी आहे हे कळलेला वाचक पहिल्या पानापासून कुणावरही विश्वास ठेवत नाही. ज्या पात्रावर त्याने माया करावी अशी तुमची इच्छा असते त्याच्यावरच तो संशय घेतो, कारण तुम्हीच त्याला सांगितलंय की कुणीतरी फसवतंय. शंभराव्या पानावर तो कलाटणी ओळखतो आणि उरलेली दोनशे पानं स्वतःच्या हुशारीवर खूश होत वाचतो. नेमका शेवट सांगितला असता तर निदान तो पात्रांकडे तरी बघत बसला असता. धक्क्याची जाहिरात ही मला शेवट फोडण्यापेक्षा वाईट वाटते.

विल्की कॉलिन्सने १८६० साली ‘द वुमन इन व्हाइट’ पुस्तकरूपाने काढताना प्रस्तावनेतच समीक्षकांना विनंती केली होती की परीक्षण लिहिताना गोष्ट सांगून टाकू नका. सांगणं अशक्य नाही, पण त्याने वाचकाचं काय भलं होणार? आजचे लेखक परीक्षकांवर इतका रोष धरतात, पण स्वतःच्या प्रस्तावनेकडे बघत नाहीत. आपल्याकडे कादंबरीला मान्यवरांची प्रस्तावना घेतात. मान्यवर प्रेमाने, सविस्तर, शेवटासकट सगळं लिहितात. ती पुस्तकाच्या सुरुवातीला छापली जाते. मी ती सरळ शेवटी हलवते. लेखकाला अवघड वाटलं तर मी बोलते. अभिजात कादंबऱ्यांच्या इंग्रजी आवृत्त्यांत कधी कधी प्रस्तावनेच्या डोक्यावर सूचना असते की यात कथानक उघड केलं आहे, नव्या वाचकांनी ती नंतर वाचावी. त्यापेक्षा ती नंतर छापलेलीच बरी.

प्रकाशन समारंभ हा स्वतंत्र विषय आहे. प्रमुख वक्त्याने पुस्तक खरंच वाचलं आहे, हे सिद्ध करण्याचा त्याला सुचणारा एकमेव मार्ग म्हणजे ते सांगणं. पंचवीस मिनिटांत, क्रमाने. वक्त्यांना पुस्तक पाठवताना सोबत चार ओळींची चिठ्ठी पाठवा: अमुक प्रकरणापर्यंतचं मोकळेपणाने बोलावं, पुढचं वाचकांसाठी ठेवावं. कुणीही रागावत नाही. अनेकांना तर सुटल्यासारखं वाटतं, कारण मग त्यांना गोष्ट न सांगता भाषेबद्दल बोलायला निमित्त मिळतं.

याशिवाय जिथे कुणाचं लक्ष नसतं तिथून शेवट गळतो. अनुक्रमणिकेतली प्रकरणांची नावं: ‘परतीचा प्रवास’ असं शेवटच्या प्रकरणाचं नाव असेल तर नायिका परतली हे पुस्तक चाळणाऱ्यालाही कळलं. अर्पणपत्रिका. सुरुवातीला घातलेली कवितेची ओळ. वंशावळीचा तक्ता, ज्यात मृत्यूची वर्षं छापलेली असतात. ऑनलाइन दुकानातले विषयवार गट. मलपृष्ठाच्या मजकुरासाठी माझा ढोबळ नियम असा की पहिल्या चतुर्थांशाच्या पलीकडचं काहीही तिथे येऊ नये. तेवढ्या भागात पुस्तक घ्यावंसं वाटावं असं काही नसेल, तर मलपृष्ठ बदलून उपयोग नाही, पहिला चतुर्थांश बदला.

एका अपवादाबद्दल मात्र माझं मत नरम आहे. आत्महत्या, लहान मुलांवरचा अत्याचार, असं काही कादंबरीत असेल आणि ते शेवटी येत असेल, तर काही वाचकांना ते आधी कळायला हवं असतं, आणि त्यांची ती गरज खरी असते. अशी सूचना प्रकाशकाच्या संकेतस्थळावर किंवा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ठेवा आणि सुरुवातीला फक्त ती तिथे असल्याचं कळवा. ज्याला हवं तो बघेल. कलेच्या नावाखाली एखाद्याला जखमेवर ढकलण्यात काही मोठेपणा नाही.

मुलाखतकार थेट विचारतोच, ‘शेवट सुखान्त आहे का?’ तेव्हा ‘ते वाचूनच बघा’ असं हसून म्हणणं हे सगळ्यांत वाईट उत्तर आहे. ते कोडं घातल्यासारखं वाटतं आणि श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. आधीपासून दोन-तीन खरी उत्तरं तयार ठेवा. शेवट लिहायला किती त्रास झाला, कोणत्या पात्राने तुमचं ऐकलं नाही, कोणता प्रसंग किती वेळा फाडला, यावर बोला. किंवा पात्रापुढचा पेच सांगा: एखाद्या माणसाला शोधणं कधी थांबवावं? श्रोत्याला पेच मिळाला की त्याला उत्तराची घाई नसते. मला तर वाटतं, शेवटाबद्दलचे बहुतेक प्रश्न शेवटाबद्दल नसतातच. ‘या पुस्तकात माझ्यासाठी काय आहे?’ असं विचारायला माणूस लाजतो, म्हणून तो शेवट विचारतो.

लिहून झालेल्या कादंबरीबद्दल हे झालं. लिहिणं चालू असताना शेवट सांगण्याबद्दलही दोन शब्द, कारण पुढच्या वेळी उपयोगी पडतील. माझा अनुभव असा की बरेच लेखक शेवट रंगवून सांगितला की तो लिहिण्याची भूक गमावतात. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हवं होतं ते मिळालेलं असतं. पण एका तरी विश्वासू माणसाला तो सांगून, नाहीतर निदान लिहून ठेवावा. डिकन्स १८७० मध्ये गेला तेव्हा ‘एडविन ड्रूड’ या त्याच्या अखेरच्या रहस्यकादंबरीच्या नियोजित बारा भागांपैकी सहाच लिहून झाले होते. कथेत नाहीसा झालेल्या एडविनचं काय झालं? त्याने फॉर्स्टरला सांगितलं होतं की ही काकाने केलेल्या पुतण्याच्या खुनाची गोष्ट आहे. चित्रकार ल्यूक फिल्ड्सला त्या काकाच्या गळ्यातला लांब रुमाल चित्रात नीट दाखवायचा होता, म्हणून गळा आवळण्यासाठी तो लागणार आहे हे गुपित त्याला कळलं. चित्रकाराला शेवट का सांगावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. एवढं असूनही कागदावर काही नसल्याने लोक दीडशे वर्षं तर्क लढवतायत.

दुसऱ्या टोकाला जॉर्ज मार्टिन. चालू ग्रंथमालेच्या शेवटाची मुख्य वळणं त्याने तिच्यावरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या कर्त्यांना सांगितली, ते रास्तच होतं, ते पुस्तकावर काम करणारेच लोक. पण मालिका २०१९ मध्ये संपली तेव्हा सहावं पुस्तकही आलं नव्हतं. शेवट दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्या माध्यमात, लेखकाच्या आधी जगापुढे आला, आणि त्यावरचा रागही आधीच झेलून झाला. चित्रपटाचे किंवा मालिकेचे हक्क विकताना शेवट सांगा, पण पुस्तकाआधी तो दाखवायचा नाही, हे करारात लिहून घ्या.

आणि सगळी काळजी घेऊनही फुटला तर? फुटू द्या. २००७ च्या जुलैत हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक कडक पहाऱ्यात ठेवलेलं होतं, तरी प्रकाशनाच्या काही दिवस आधी पानांची छायाचित्रं इंटरनेटवर फिरू लागली. अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत ८३ लाख प्रती गेल्या. खुलासे देऊ नका, ‘ते खरं नाही’ असं खोटं तर मुळीच बोलू नका, आणि ज्याने फोडला त्याच्याशी जाहीर भांडू नका. भांडणाने तो आणखी शंभर जणांपर्यंत पोचतो.

आता तुमची कादंबरी. तुम्ही पाठवलेल्या प्रकरणांवरून सांगते. भाऊ हयात नसावा, असा संशय तुमच्या पुस्तकात साठाव्या पानापासून आहे आणि निम्म्यावर येईपर्यंत वाचकाने मनातून त्याला निरोप दिलेला असतो. म्हणजे ही घटना पुस्तकच लवकर सांगून टाकतं. मुलाखतीत कुणी विचारलं ‘भाऊ सापडतो का?’ तर तुम्ही सरळ म्हणू शकता, ‘तो भेटण्याची ही गोष्ट नाही.’ त्याने काही जात नाही. उलट बहीण कशासाठी शोधत राहते, हा प्रश्न वर येतो आणि तुमची कादंबरी मला तिथेच सगळ्यांत जोरकस वाटली. घरातल्या एकाला ठाऊक होतं, ही मात्र कळण्याची गोष्ट आहे. तिच्याबद्दल एक शब्दही नको, सूचकही नको. ‘कुटुंब’, ‘गुपित’, ‘मौन’ हे तीन शब्द एका वाक्यात येऊ देऊ नका, चाणाक्ष वाचक तेवढ्यावर ओळखतो.

म्हणून प्रकाशकांनी मंजुरीसाठी पाठवलेल्या मलपृष्ठाच्या मजकुरातलं शेवटून दुसरं वाक्य, ‘उत्तर बाहेर नव्हतं, घरातच होतं’, ते आजच्या आज काढायला सांगा. छपाईला जाण्याआधी. त्या जागी बहीण भावाच्या जुन्या मित्राला भेटते तो पंचविसाव्या पानावरचा प्रसंग दोन ओळींत घाला. तो पुरेसा आहे.